पहिलं वाचन, चष्मा काढून

पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवून त्या बाई म्हणाल्या, "हे पान तुम्ही वाचलंय का?" आणि पानावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. आठ चौकटी होत्या. पलंगाच्या कडेला एक माणूस बसलेला, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. आठही चौकटींत तो तसाच. खिडकीतून आलेलं ऊन तेवढं भिंतीवरून उतरत उतरत फरशीवर आलं होतं, आणि शेवटच्या चौकटीत दाराशी लहान मुलाच्या पायांची बोटं दिसत होती. बोलण्याचा एक फुगा नाही, एक अक्षर नाही. मी सवयीनं म्हणाले, "हो, वाचलंय ना. बालविभागातलं प्रत्येक पुस्तक मी वाचूनच कपाटात ठेवते." आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं, की हे पान मी जन्मात पहिल्यांदा बघतेय.

बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. गळ्यात कुठल्याशा दवाखान्याचं ओळखपत्र, केस घाईत बांधलेले, कामावरून मधेच निघून आल्यासारख्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ओरडणारे पालक मला जमतात. त्यांना खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि त्यांचा दम सरेपर्यंत मान हलवत राहायचं. या बाई उभ्याच राहिल्या. "पुस्तकावर हिरवी टिकली आहे," त्या म्हणाल्या. "हिरवी म्हणजे आठ वर्षांच्या पुढं, असं तिकडं पाटीवर लिहिलंय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. काल त्यानं हे पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, आई, आपले बाबा असेच बसतात ना गं." एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला. "आमच्या घरात हे कुणी कुणाशी बोललेलं नाही. सासूबाईंना माहीत नाही. मीसुद्धा ह्यांना अजून काही विचारलेलं नाही. आणि तुमच्या पुस्तकानं माझ्या पोराला ते दाखवून दिलं." मी विचारलं, "मग माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?" ते जरा उद्धट वाटलं असावं. खरं तर मी दमले होते, आणि खोटं बोलून बसल्यामुळे आणखी दमले होते. "हे कपाटातून काढून टाका," बाई म्हणाल्या. "तीन वाजता त्याची शाळा सुटते. त्याला घेऊन मी इथूनच जाते. तेव्हा सांगा काय ते." मी म्हणाले, बघते. "नीट बघा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बाई दाराबाहेर पडतात न पडतात तोच देवघेवीच्या खिडकीतून भोंग्यानं विचारलं, "काय, अश्लील निघालं का?" भोंगा म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याचं काम करणारा आमचा सहकारी. त्याचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी वर्तमानपत्रांच्या दालनातली म्हातारी माणसं माना वर करतात. एवढा आवाज घेऊन माणसानं ग्रंथालयात नोकरी का धरावी हे एक कोडंच आहे. मी म्हणाले, नाही. "मारामारी?" नाही. "मग त्यात आहे तरी काय?" मी म्हणाले, "एक माणूस बूट घालत नाहीये." त्यानं जरा विचार केला. "आळशी असेल," तो म्हणाला आणि शिक्के मारायला लागला. मलाही हसू आलं. मग बाईंचा पुस्तकावर ठेवलेला हात आठवला, आणि ते हसू गिळावं लागलं.

चांगली चित्रकादंबरी कशी ओळखायची, असं मला शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये विचारतात. पूर्वी मी तासभर बोलत असे. चित्रं शब्दांची हमाली करत असतील, म्हणजे फुग्यात 'दार उघडलं' आणि चित्रातही नुसतं उघडलेलं दार, तर पुस्तक बाजूला ठेवावं. माणसांचे हात नीट काढलेत का ते पाहावं. चेहरा कुणीही काढतो, हातांपाशी चित्रकाराची लबाडी उघडी पडते. शेवटच्या पानावर एखादी आजी किंवा घुबड उपदेश करत असेल, तर ते पुस्तक मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेलं असतं. आणि मूल पान उलटता उलटता कुठं थांबतं ते बघावं, कारण जिथं ते थांबतं तिथं ते वाचत असतं. असं सगळं मी बोलायचे, हातवारे करून बोलायचे. आता म्हणते, पाहा, वाचा आणि ठरवा. आणि चहा पिऊन परत येते. कारण कार्यशाळा संपली की तेच शिक्षक आपल्या मुलांना घेऊन येतात आणि म्हणतात, "चित्रांचं नको हो, वाचायचं द्या काहीतरी." पालथ्या घड्यावर पाणी. वर खोकी येतच राहतात, चकचकीत, जाड, नव्या शाईचा वास डोक्यात जाणारी. गालिच्यावर पोरं वाट बघत पालथी पडलेली असतात आणि माझ्या ड्रॉवरमध्ये हिरव्या, पिवळ्या, लाल टिकल्यांची पाकिटं असतात. आठच्या पुढं, अकराच्या पुढं, चौदाच्या पुढं. पुस्तकाच्या पाठीवर टिकली लावायची आणि मोकळं व्हायचं.

असं मोकळं व्हायला मला जुन्या साहेबांनी शिकवलं नव्हतं. माझ्याआधी हा विभाग त्यांच्याकडे होता. चित्रांची पुस्तकं या इमारतीत पहिल्यांदा आणली ती त्यांनी, आणि त्यासाठी वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या त्याही त्यांनीच. त्यांची एक पद्धत होती, तिला आम्ही मागे हसायचो. पहिलं वाचन चष्मा काढून. "माणसाला चाळिशी लागते ती याच कामासाठी," असं ते म्हणायचे. चष्मा काढला की बारीक अक्षरं जातात. फुग्यांमध्ये नुसत्या मुंग्या दिसतात, पण चित्रं मात्र जागेवर राहतात. मग माणसं काय बोलतात ते कळत नाही आणि ती काय करतात तेवढंच दिसतं. अख्खं पुस्तक असं बघायचं. मग चष्मा लावून दुसरं वाचन. ज्यांना अजून चाळिशी लागली नव्हती, त्यांना साहेब फुग्यांवर कागदाचे कपटे ठेवायला लावत, आणि पंखा सुरू झाला की सगळ्या विभागात कपटे उडत. मला चाळिशी वेळेवर लागली. तेव्हा चष्मा नाकावर घालायचा, काढायचा, पदराला पुसायचा, परत घालायचा, हे दिवसभर चालायचं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दूरचं-जवळचं एकत्र असलेली नवी काच दिली. सकाळी लावला की झोपतानाच काढायचा. फार सोय झाली. त्या सोयीपायी पहिलं वाचन कधी सुटलं ते कळलंसुद्धा नाही. मी फुगे वाचायला लागले. फुगे वाचत पान उलटायचं, पुस्तक कसं भराभर होतं. हे बूटवालं पुस्तक मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत वाचलं होतं. चांगलं आठवतं, दोनदा मोठ्यानं हसले होते आणि शेजारच्या सुजलेल्या गालानं माझ्याकडे रागानं बघितलं होतं.

दुपारी डबा तसाच ठेवून मी चष्मा काढला आणि पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. एका बसचालकाची मुलगी, तिला बाटल्यांची बुचं जमवायचा नाद. शाळेत बुचांचं प्रदर्शन भरणार असतं, त्याची सगळी धावपळ. बाप विनोदी. त्याच्या फुग्यांवरच मी हसले होते, 'मी? मी तर घोडा आहे घोडा' असं काहीतरी तो दर चार पानांनी म्हणतो. आता फुग्यांत मुंग्या होत्या. आणि मला दिसलं, की पानामागून पान गेलं तरी बापाचा चेहरा कुठंच नाही. तो पाठमोरा आहे, नाहीतर वाकलेला आहे, नाहीतर बसच्या काचेवर उजेड पडलाय आणि त्या उजेडामागे तो आहे. फुगा मात्र दरवेळी त्याच्या डोक्यावर नीट चिकटवलेला. चित्रकारानं एवढी चित्रं काढली आणि त्याचा चेहरा काढला नाही, आणि मी ते पुस्तक वाचून हसले, हिरवी टिकली लावली, लाळेनं अंगठा ओला करून ती नीट दाबून बसवली. मग ते आठ चौकटींचं पान आलं. मी ऊन उतरताना बघितलं. भिंत, पलंगाचा पाय, फरशी. हे पान उलटायला मला तेव्हा किती वेळ लागला असेल? वाचायलाच काही नव्हतं म्हटल्यावर.

चष्मा हातात तसाच होता, समोरची कपाटं धुरकट झाली होती, गालिच्यावर कुणी नव्हतं. आणि अगदी काही कारण नसताना माझ्या मनात आलं, आपल्या पोराचा चेहरा आज कसा होता? सकाळी निघताना मी त्याच्याशी बोलले होते. तो काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. चहात साखर कमी होती, मी तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "आपल्या चहात साखर कमी पडल्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." त्याचं कामच ते आहे. घरात बसून संगणकावर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, दिलगीर व्हायचं, खाली एक हसरं तोंड चिकटवायचं. तेच घरात चालवून तो मला हसवतो. मी हसले होते. पण ते म्हणताना तो उभा होता की बसला होता? दाढी केली होती का? अंगात काय होतं? मी डोळे मिटून काल आठवला, परवा आठवला. विनोद आठवत होते, एकाहून एक. त्याची मैत्रीण गेल्या वर्षी दूर देशी निघून गेली तेव्हा मी दोन दिवस घाबरून होते, तर तिसऱ्या दिवशी यानंच त्यावर पहिला विनोद केला आणि मला हायसं वाटलं. तो विनोदसुद्धा आठवत होता. त्याखाली चेहरा येत नव्हता. एकदम भीती वाटली. सव्वीस वर्षांचा माझा एकुलता एक मुलगा, एका घरात राहतो, आणि मला तो ऐकूच येतो फक्त.

मग मी स्वतःची समजूत घालायला लागले, कारण वयानं तीच एक कला येते. काही नाही, थकवा आहे. दिवसभर पानं बघून डोळे शिणतात, घरी गेल्यावर बघायला डोळे उरतच नाहीत. मुलगा चांगला आहे. गुणी आहे. भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, कचरा तर रोज आठवणीनं तोच नेऊन टाकतो. शेजारीण म्हणते, माझ्या पोरांना पाठवू का तुमच्याकडे शिकायला? नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्याकाठी घरी येतो, एरवी फोनवर विचारतो, "पोरगा काय म्हणतोय?" मी म्हणते, मजेत. सगळं जग असंच विचारतं, काय म्हणतोय तुमचा मुलगा. म्हणतो ना, पुष्कळ म्हणतो. कसा दिसतोय म्हणून कुणी विचारत नाही. मीही नाही.

आठ-नऊ वर्षांचा असताना तो शाळा सुटली की इथंच यायचा, या टेबलाच्या आतल्या बाजूला, माझ्या पायांजवळ पाट टाकून बसायचा. अखंड बडबड. शाळेत कोण पडलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला. मी काम करत हं हं करायचे. फक्त चष्मा काढला की तो गप्प व्हायचा. कारण मी त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं, आई चष्मा काढून बसली म्हणजे आई चित्रं वाचतेय, आता शब्द नकोत. मग तो हळूच उठून माझ्या कोपराशी यायचा, हनुवटी टेबलावर ठेवायचा आणि माझ्याबरोबर बघायचा. पान मी उलटायचे, पण तो बोटानं थांबवायचा. एखाद्या चौकटीवर ते शाईनं बरबटलेलं बोट ठेवून तसाच राहायचा. काय दिसलं रे, असं मी विचारायचे, तेव्हा तो मान हलवायचा, म्हणजे अजून थांब. मला घाई असायची. तरी थांबायचे. मोठेपणी हे सगळं आम्ही दोघं विसरलो असं मला वाटत होतं.

तीन वाजून गेल्यावर बाई आल्या. मुलानं दप्तर भिंतीशी टाकलं आणि तो सरळ गालिच्यावर जाऊन कपाटाचा खालचा कप्पा उपसायला लागला. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. "पाहिलंत?" मी म्हणाले, "आज पाहिलं. सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले. हे पान मी आधी वाचलंच नव्हतं. नुसते फुगे वाचले आणि हिरवी टिकली लावून दिली." आता आवाज चढेल असं वाटलं. देवघेवीच्या खिडकीतला ठकठक आवाजही थांबला, भोंग्याचे कान इकडं होते. बाई अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मग तुम्ही इथं कशाला आहात?" मी ड्रॉवर उघडून टिकल्यांची पाकिटं बाहेर काढली. मग म्हणाले, "टिकली बदलते. पिवळी लावते, अकराच्या पुढं. पण पुस्तक कपाटातून काढणार नाही." "का पण?" कार्यशाळेतलं सगळं भाषण तोंडाशी आलं होतं, हातांचं, हमालीचं, घुबडाचं. ते सोडलं. "ज्यानं हे काढलंय त्यानं नीट बघून काढलंय," मी म्हणाले. "तुमच्या मुलानंही नीट बघितलं. न बघणारी मधली मी होते. माझ्या चुकीची शिक्षा पुस्तकाला कशाला देऊ?"

बाई पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. ओळखपत्राची पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "तो विचारत होता पुढं काय होतं, आणि मी हिसकावून घेतलं त्याच्याकडून," त्या म्हणाल्या. "मग वाटलं आपण तरी वाचावं. उघडायला धीर झाला नाही. शेवट कसा आहे? मरतो का तो माणूस?" मी म्हणाले, नाही. "मग बरा होतो?" "तसंही नाही दाखवलेलं. पोरगी आत जाते आणि त्याच्या शेजारी बसते. हातातला बूट काढून घेऊन खाली ठेवते. काही बोलत नाही. मग बऱ्याच पानांनंतर शेजारणीला बोलावून आणते. शेवटच्या पानावर तो बसमध्ये खिडकीपाशी बसलाय, दवाखान्यात निघालाय, आणि बस दुसरंच कुणीतरी चालवतंय. तिथं पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो. तेवढंच." बाईंनी पट्टी बोटावरून सोडली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बस दुसरंच कुणीतरी चालवतंय." त्यांनी गालिच्याकडे बघितलं. मुलगा पालथा पडून पान धरून राहिला होता, उलटत नव्हता. "द्या ते इकडं," बाई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर बसून वाचते." "पिवळी टिकली लागणार आहे त्याला," मी म्हणाले. "लावा हो तुमची टिकली, परत आणल्यावर," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. भोंग्यानं शिक्का मारला, आणि आश्चर्य म्हणजे एक अक्षर न बोलता मारला. दारापाशी बाई वळल्या. "तुम्हाला मुलंबाळं?" "एक मुलगा आहे. मोठा आहे आता." "काय म्हणतो?" त्यांनी विचारलं, आपण सगळे विचारतो तसं. "मजेत," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसूच शकले नाही. खोकी तशीच टाकली, पर्स उचलली. "तब्येत?" भोंग्यानं विचारलं. मी म्हणाले, हो, आणि कुणाची ते सांगितलं नाही. थांब्यावरून घरी फोन केला. "आज लवकर निघालेय." "या, या," पोरगा म्हणाला, "आपलं स्वागत करताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे." मी विचारलं, "जेवलास का?" "जेवलो. ताट धुऊनसुद्धा ठेवलं." हे तो रोज म्हणतो. रोज मी ऐकते आणि फोन ठेवते. आज मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडं काही नव्हतं, नुसता श्वास, आणि मग तो म्हणाला, "आणखी काही मदत करू शकतो का?" "नाही रे," मी म्हणाले. बस लगेच आली. खिडकीशी जागा मिळाली, पण पाय असे दुखत होते की उतरताना दांड्याला धरून खाली ठेवावे लागले. आमच्या जिन्यात दुपारची मी कधी नसते. दुपारी तिथं किती शांत असतं ते मला माहीतच नव्हतं. कुठल्यातरी घरात रेडिओ चालू होता, तोही दमल्यासारखा. मी घंटी वाजवली नाही. किल्ली फिरवली आणि चपला हातात घेऊन आत गेले, स्वतःच्या घरात चोरासारखी, आणि मनात एकीकडे म्हणत होते, काही नसेल, उगाच म्हातारचळ, आता तो हसेल आणि आपणही हसू.

तो स्वयंपाकघरात होता, माझ्याकडे पाठ करून. सकाळी मी त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं भांडं ओट्यावर उघडं होतं. त्यातला निम्मा भात त्यानं डावानं एका प्लास्टिकच्या पिशवीत काढला, भाजी काढली, अगदी बेतानं, जेवणारा माणूस जेवढं घेईल तेवढं. पिशवीला गाठ मारली. ती कचऱ्याच्या डब्यात खालपर्यंत दाबून घातली आणि वर रद्दी कागद पसरला. मग फडताळातलं कोरडं, स्वच्छ ताट उचललं, नळाखाली धरलं, दोन्ही बाजूंनी भिजवलं. हे सगळं इतकं सरावानं चाललं होतं, की कुठं थांबणं नव्हतं, भांड्याचा आवाज नव्हता. कितव्यांदा करत होता कुणास ठाऊक. मी दारात उभी होते. 

त्याला माझी चाहूल लागली. वळला. ओलं ताट हातात. क्षणभरच त्याच्याजवळ विनोद नव्हता, आणि मग आला. "अरे वा," तो म्हणाला, "ग्रंथालयाला आग लागली की काय? आमचे प्रतिनिधी आपल्या स्वागताला दारात हजर नसल्याबद्दल आम्ही अत्यंत..." मला हसू येणार होतं. खरंच सांगते, तेवढ्यातही येणार होतं, इतकी सवय. ओठ हलले होते. मी हात वर नेला आणि चष्मा काढला.

तो बोलता बोलता थांबला. त्याला आठवत होतं. त्याच्या अंगातला शर्ट नुसता खांद्यांवर अडकवल्यासारखा होता. पट्ट्याचं टोक कमरेला अर्धा वळसा घालून पार बाजूला गेलं होतं. ताटाचे थेंब त्याच्या पायांवर पडत होते आणि पाय अनवाणी होते. चेहरा धुरकट होता. त्यावरचं हसू मला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याखालचं सगळं दिसत होतं. माझं पोर कधीपासून असं आहे, मी मनात म्हणाले, आणि मला रडू आलं तरी मी डोळे पुसले नाहीत, कारण तेवढ्यात नजर हलली असती. नळ चालूच होता. त्यानं एकदा ताट खाली ठेवायला जागा शोधली, मग ते छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"आई," तो म्हणाला. आवाज लहान होता. "चष्मा लाव ना."

मी चष्मा ओट्यावर ठेवला, नळ बंद केला, आणि स्टूल ओढून त्याच्या समोर बसले.